सुताराचा हात आणि राऊटर यंत्र
(जीर्णोद्धाराच्या लाकूडकामास आरंभ करतेवेळी झालेले भाषण)



जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांवर कारागिरांचे मोठे ऋण आहे. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात मान वर करून पाहिले, म्हणजे दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या दिसतात. छिन्नी पाथरवटाची, पण घडण सुताराची! पुढे वाड्यांना आणि देवळांच्या मंडपांना सागवानी खांब, तुळया व गणेशपट्टीच्या चौकटी आल्या, त्या वाकस, पटाशी आणि रंधा यांच्या बळावर.

आज चौकटीला गलता मारणे, फळीला खाच पाडणे, कड गोल करणे ही कामे विजेवरचे हातातले राऊटर यंत्र करते. हाताने अर्धा दिवस लागणारे काम ते घटकाभरात उरकते. यंत्र वाईट नव्हे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. हात थांबला की रंधा थांबतो. राऊटर थांबत नाही. त्याचे बिट मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे घेते. २५ मिलिमीटर रुंदीचे बिट २४,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या धारेचा वेग ताशी ११० किलोमीटरहून अधिक होतो. पुणे-नाशिक रस्त्यावर एस.टी.सुद्धा एवढी धावत नाही. बिट जितके रुंद, तितके फेरे कमी ठेवावे लागतात. ५० मिलिमीटरच्या बिटाला साधारण १२,००० च्या आतच ठेवणे बरे. बिटावर मर्यादा छापलेली असेल तर तीच पाळावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिशेची. यंत्र लाकडावर धरून वरून पाहिले, तर बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. देवाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला राहतो. राऊटर पुढे ढकलताना मात्र लाकूड डाव्या हाताला राहिले पाहिजे. म्हणजे पाटाच्या बाहेरच्या कडेने जाताना प्रदक्षिणेच्या उलट जावे, आणि चौकटीच्या आतल्या कडेने जाताना प्रदक्षिणेच्या दिशेने. असे केले की धार लाकडाला सामोरी जाते आणि यंत्र हातात राहते. दिशा चुकली, तर धार चाकासारखी लाकडावर धावते आणि यंत्राला ओढून नेते. यात्रेत बैलगाडा घाटात सुटला, की तो मागे ओढून थांबवता येत नाही. तीच गत येथे होते.

दुसरी गोष्ट घासाची. १२ मिलिमीटर खोल खाच एका दमात काढू नये. तीन-तीन मिलिमीटरचे चार हात मारावेत. लाकूड जळल्याचा वास आला किंवा यंत्राचा आवाज दबला, तर घास मोठा झाला अथवा धार गेली असे समजावे. बोथट बिट धारेच्या बिटापेक्षा अधिक घातक, कारण मग माणूस जोर लावतो.

बिट बदलण्यापूर्वी नुसते बटन बंद करून भागत नाही; पिन सॉकेटमधून काढून समोर ठेवावी. बिटाचा दांडा कॉलेटमध्ये निदान तीन-चतुर्थांश बसवावा, तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावा आणि पान्याने आवळावा. लाकूड क्लॅम्पने पाटाला जखडावे. पायाखाली दाबून किंवा पोराला धरायला सांगून काम करू नये. यंत्र दोन्ही हातांनी धरावे, आणि बिट पुरते थांबल्याखेरीज खाली ठेवू नये. काम चालू असता वीज गेली, तर आधी बटन बंद करावे. नाहीतर वीज येताच यंत्र आपोआप उठते.

उपरणे, सैल बाही, गळ्यातली माळ, हातातले कडे ही काढून किंवा आवरून ठेवावीत. हातमोजेही घालू नयेत. बिटात अडकले तर बोट घेऊनच जातात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवा. लाकडाची बारीक भुकटी माणसाला कर्करोग करू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केले आहे. जुन्या मंडपाची तुळई पुन्हा वापरायची असेल, तर आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधून काढावेत. बिट खिळ्यावर आदळले, तर त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो.

हे सारे सुताराला सांगून समितीची जबाबदारी संपते काय? नाही. कलशारोहणाची तिथी जवळ आली, पाहुण्यांना निमंत्रणे गेली, की सर्वांचा तगादा सुताराच्या मागे लागतो. रात्री अपुऱ्या उजेडात, लोंबत्या वायरीवर काम चालते. चार हातांचा घास मग एका हातात घेतला जातो, आणि घात तेथेच होतो. तेव्हा अर्थिंग केलेली थ्री-पिनची जोडणी, भक्कम पाट, पुरता उजेड, चष्मा आणि मास्क यांचा खर्च जीर्णोद्धाराच्या अंदाजपत्रकातच धरावा. काम चालू असता पोरांना जवळ फिरकू देऊ नये, आणि चौकशी करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही यंत्र थांबेपर्यंत हाक मारू नये.

जुन्नरच्या एका प्राचीन शिलालेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवल्याची नोंद आहे. दाता आणि कारागीर यांचे नाते या भूमीत इतके जुने आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला. पण भरपाईने बोट परत येत नाही. सुताराची बोटे हीच त्याची जमीन, हीच त्याची पेन्शन. देणगीदारांची नावे भिंतीवरील फरशीत कोरली जातील. ज्याने चौकट घडवली त्याचे नाव कदाचित कोठेच लागणार नाही. त्याने निदान दहाही बोटांनिशी घरी जावे, एवढे पाहणे गावाच्या हाती आहे. मुहूर्त आठ दिवस पुढे गेला तरी देव रागावणार नाही.

जय हिंद! जय महाराष्ट्र!