चौकटीतली माणसे



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषयांचा ऊहापोह होतो. अशा व्यासपीठावर कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने 'नुकत्याच वाचलेल्या चित्रकथा' हा विषय घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले, "काय हो, मागण्या संपल्या वाटतं? आता वेताळाच्या गोष्टी सांगत फिरणार?" मी म्हटले, "मागण्या संपलेल्या नाहीत, म्हणूनच तर हा विषय घेतला." ते उत्तर त्यांना पटले नाही. आपल्याला पटते का, ते पाहावे.

माझे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि वाचनालयात पुष्कळ. अशा माणसाला पुस्तकांची जातपात फारशी ठाऊक नसते. हाताला येईल ते तो वाचतो आणि उपयोगी पडेल ते ठेवून घेतो. गेल्या काही महिन्यांत मी ज्यांना इंग्रजीत 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणतात अशी काही पुस्तके वाचली. आपण त्यांना चित्रकादंबऱ्या म्हणू. त्यांच्याविषयीचे माझे बरे-वाईट मत आज सांगणार आहे. मी समीक्षक नाही. कोणतेही पुस्तक हातात घेतले की मी तीनच प्रश्न विचारतो. यात काम दिसते काय? यात माणूस माणसासारखा दिसतो काय? आणि हे ज्याने घडवले, त्याच्या पदरात काय पडले?

आधी एका आक्षेपाचा निकाल लावू. चित्रकथा म्हणजे पोरांचा खेळ, असे आपल्याकडे समजतात. समजणाऱ्यांचा त्यात फार दोष नाही. माझ्या पिढीला चित्रकथा भेटली ती १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आणि १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेतून. एकीकडे जंगलातला मुखवटेधारी वेताळ, दुसरीकडे देवदेवता आणि राजेमहाराजे. दोन्हींत आम्ही रमलो. परंतु पाळीवरून परतणारा बाप किंवा रेशनच्या रांगेतली आई त्या चौकटींत सहसा आली नाही.

चित्रांनी गोष्ट सांगणे मात्र आपल्याला नवे नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करीत, गाऊन रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले आहेत. तिकडे युरोपात फ्रान्स मासरेल नावाच्या बेल्जियन चित्रकाराने १९१८ साली लाकडी ठशांची एक कथा छापली. पंचवीस चित्रे आणि आत शब्द एकही नाही. एक गरीब मुलगा कामगार होतो, वाचतो, विचार करू लागतो, साथीदारांना उठवतो आणि शेवटी गोळीबार पथकासमोर उभा राहतो. जो अक्षर ओळखत नाही त्यालाही ही कथा वाचता येते. पत्रके वाटण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळतो.

पहिले पुस्तक केट बीटन या कॅनेडियन लेखिकेचे. नाव 'डक्स', म्हणजे बदके. प्रकाशन २०२२. केट ही केप ब्रेटन बेटावरची मुलगी. तिच्या मुलखात कोळशाच्या खाणी आणि मासेमारी बसली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या माणसे कामासाठी दूर जाऊ लागली. केटने कर्ज काढून कॉलेज केले आणि ते फेडण्यासाठी २००५ साली ती आल्बर्टा प्रांतात, वाळूतून तेल काढण्याच्या प्रचंड कारखानदारीत कामाला गेली. पहिले काम कोणते, तर खिडकीत उभे राहून कामगारांना हत्यारे द्यायची, परत आली की मांडून ठेवायची. शेकडो पुरुष आणि मोजक्या बायका. नवी मुलगी आली म्हणून तिला नुसते पाहायला खिडकीशी रांग लागते. टोमणे, नजरा, रात्री खोलीच्या दाराशी चाहूल आणि पुढे त्याहून फार वाईट.

मंडळी, कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांच्या मुलखातले आपण. गाव सुटतो, पैसा गावाकडे जातो, माणूस मधल्या मध्ये झिजतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण गिरणगावात निदान खानावळ होती, भजनीमंडळ होते, गाववाल्यांची खोली होती. केटच्या त्या छावणीत एकटेपणा आणि पगार यांखेरीज काही नाही. या पुस्तकाची थोरवी मला वाटते ती अशी, की छळणाऱ्या पुरुषांना ती राक्षस म्हणून रंगवीत नाही. ती विचारते, माझे काके, माझे भाऊ या छावणीत येऊन राहिले असते तर तेही असेच झाले असते काय? हा प्रश्न गुन्हेगाराला माफी देत नाही. माणसाला घरदारापासून तोडून केवळ यंत्राचा सुटा भाग करणाऱ्या व्यवस्थेला तो आरोपीच्या पिंजऱ्यात आणून उभा करतो.

नाव बदकांचे का? २००८ सालच्या एप्रिलमध्ये तिथल्या एका कंपनीच्या सांडपाण्याच्या तलावात उतरून सोळाशेच्या आसपास बदके मेली आणि जगभर बोभाटा झाला. बदकांसाठी हळहळावे, जरूर हळहळावे. पण त्याच आवारात माणसांची मने आणि शरीरे मोडत होती, त्यांची बातमी होत नव्हती. माझी तक्रार एकच. चारशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात मालक जवळजवळ दिसत नाही आणि संघटना तर औषधालाही सापडत नाही. मग वाटते, हेच कदाचित त्या जागेचे खरे चित्र असेल. जिथे कामगार पाळी संपली की विमानाने घरी जातो, तिथे सभा भरवायची कुठे?

दुसरे पुस्तक जुने, पण मी आत्ता वाचले. आर्ट स्पीगलमन यांचे 'माउस'. पहिला भाग १९८६ साली आणि दुसरा १९९१ साली पुस्तकरूपाने निघाला. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. चित्रकारांचे वडील व्लादेक हे पोलंडमधले ज्यू आणि हिटलरच्या ऑशविट्झ छावणीतून वाचलेले. त्यांची कहाणी मुलगा ऐकतो आणि काढतो. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरे. दहा पाने वाचल्यावर मुखवटे विसरायला होतात आणि उरतात ती माणसे.

या व्लादेकची युद्धापूर्वी स्वतःची कापडाची फॅक्टरी होती, म्हणजे आमच्या दृष्टीने तो समोरच्या बाजूचा. छावणीत तो पत्र्याचे काम येते असे सांगून पत्रेवाल्यांच्या टोळीत शिरतो. तिथला मुकादम कम्युनिस्ट. तो याला भांडवलदार म्हणून हिणवतो. मग व्लादेक खाण्याच्या वस्तू आणून देतो आणि मुकादमाचा वर्गद्वेष पुष्कळ निवळतो! हे वाचून मी हसलो आणि अस्वस्थही झालो. आमच्या चळवळीत असे मुकादम भेटलेच नाहीत असे कोणी म्हणेल तर त्याने हात वर करावा.

पुढे तो चांभारकामात शिरतो. फाटलेला बूट कसा शिवायचा हे स्पीगलमन यांनी शाळेच्या पुस्तकातल्यासारखी आकृती काढून दाखवले आहे. मरणाच्या छावणीत बुटाच्या तळव्याची आकृती कशाला? कारण त्या माणसाचा जीव त्या टाक्यांवर टांगलेला होता. हाताच्या कसबाचे इतके मोल मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेले नाही. आणि मुलगा बापाला देव करीत नाही. बाप चिक्कू आहे, हट्टी आहे, बायकोला छळतो. अमेरिकेत मुलाची बायको वाटेत एका काळ्या माणसाला मोटारीत घेते, तेव्हा हाच छळ सोसलेला बाप संतापतो. सोसल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. त्याला शहाणपण वेगळे कमवावे लागते. २०२२ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. कारण दिले शिव्यांचे आणि एका नग्न चित्राचे. लाखोंच्या हत्येपेक्षा शिवीने ज्यांची झोप उडते, अशी माणसे सर्वच देशांत असतात.

तिसरे पुस्तक आपल्या घरचे. 'भीमायन', २०११. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्यप्रदेशातल्या परधान गोंड दांपत्याची. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुभव त्यात आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुले आणि त्यांना गाडीत घ्यायला नकार देणारे गाडीवान. १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या विद्वानाला न मिळालेला निवारा. महाडचे पाणी. प्रसंग आपल्याला पाठ आहेत, परंतु चित्रे पाठ नाहीत. या कलावंतांनी चौकोनी चौकटी नाकारल्या, कारण डब्यात कोंडलेल्या माणसाला श्वास कसा घेता येणार? त्यामुळे पान मोकळे वाहते. आगगाडी सापासारखी वळते, पाणी माशांच्या रूपाने येते. बोलण्याचे फुगेसुद्धा दोन जातींचे. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पाखरासारखा आणि विटाळ मानणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी! शब्द वाचण्याआधीच डंख बसतो. लिखित साहित्याला हे साधत नाही.

उणे काय? बसथांब्यावर राखीव जागांविषयी एक माणूस कुरकुरतो आणि एक स्त्री त्याला इतिहास सांगते, असा सांगाडा लेखकांनी उभा केला आहे. तो उपयुक्त आहे, पण बेताचा. मी जन्मभर प्रचार केला आहे. प्रचार ऐकला की मला तो लांबून ओळखू येतो. व्याम दांपत्याची चित्रे एवढी बोलकी आहेत, की त्या बसथांब्यावर थोडे कमी बोलले असते तरी चालले असते. त्याच वर्षी निघालेले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे जोतीराव फुल्यांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'वरचे चित्रपुस्तकही जरूर पाहावे. लेखन नटराजन यांचेच, चित्रे अपराजिता निनान यांची. जोतीरावांनी तो ग्रंथ अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. त्यांचेच अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभारली. म्हणजे आमचे घराणे त्याच ओसरीवरून निघाले आहे.

आता माझा तिसरा प्रश्न. घडवणाऱ्याच्या पदरात काय? १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी 'सुपरमॅन' या आपल्या मानसपुत्राचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. त्या पुत्राने पुढे मालकांना कोट्यवधी मिळवून दिले. बाप मात्र कोर्टात हरले, हलाखीत राहिले आणि शूस्टरची दृष्टीही गेली. १९७५ साली चित्रपट निघणार अशी बोलणी झाली, तेव्हा सीगलने जाहीर तक्रार केली. व्यंगचित्रकारांनी त्याची बाजू उचलून धरली, बोभाटा झाला, आणि मग कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचे वेतन आणि नावाचा मान दिला. कोर्टाने दिले नाही ते एकजुटीने दिले. हे मी सांगत नाही, इतिहास सांगतो.

आणखी एक गंमत पाहा. मालकांच्या या वागणुकीला विटून काही चित्रकारांनी १९९२ साली 'इमेज कॉमिक्स' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तत्त्व असे की, जो काढेल तो मालक. उत्तम तत्त्व. परंतु त्या संस्थेच्या कचेरीत छपाई, हिशेब आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्या नोकरांना २०२१ साली आपली युनियन काढावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत मतदानाने ती मान्य झाली. कलावंत मालक झाला म्हणून नोकराचा प्रश्न सुटत नाही! आणि चित्रकार स्वतः? तिथल्या कायद्याने ते 'स्वतंत्र कंत्राटदार', म्हणून त्यांना युनियनचे संरक्षण नाही. हा शब्द ऐकून आपल्याकडचे घरोघर जेवण पोचवणारे तरुण हसतील. तेही 'कामगार' नाहीत, 'भागीदार' आहेत.

मग या सगळ्यातून मी मागतो काय? दोन गोष्टी. पहिली, आपल्या वाचनालयांनी ही पुस्तके बालविभागाच्या कपाटातून काढून मोठ्यांच्या टेबलावर ठेवावीत. बारा तासांच्या पाळीनंतर ज्याचे डोळे मिटू लागतात, त्याला चारशे पानांची कादंबरी झेपत नाही, चित्रांची झेपते. ती झेपते म्हणून हलकी ठरत नाही. 'माउस' वाचून मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती.

दुसरी मागणी आपल्या चित्रकारांकडे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या घरात माणसे उतरली होती. ती माणसे अजून काही वर्षे आपल्यात आहेत. त्यांच्या हाताला यंत्राचा पट्टा कसा लागत असे, खात्यातला उकाडा कसा होता, भिशीतले ताट कसे मांडले जाई, हे त्यांच्याकडून ऐकून घेता येईल. स्पीगलमनने बापासमोर टेपरेकॉर्डर ठेवला, तसा आपल्यापैकी कोणीतरी ठेवला पाहिजे. त्यांना हुतात्मा करू नका, खलनायकही करू नका. ती जशी होती तशी काढा, तंबाखू मळताना काढा, आपसात भांडताना काढा. आणि पुस्तक निघाले तर करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते एकदा आमच्या कचेरीत दाखवायला आणा. त्याची फी घेत नाही.