जॉक स्कॉट : गळावरची पिसांची माशी

समुद्रातून स्कॉटलंडच्या नद्यांत चढून येणारा साल्मन मासा मोठा चमत्कारिक. अंडी घालण्यासाठी तो गोड्या पाण्यात शिरतो आणि तेव्हापासून अन्न जवळजवळ वर्ज्य करतो. ज्याला भूकच नाही, त्याला गळाकडे ओढावे कसे? तेथील शौकिनांनी यावर उपाय काढला तो रंगीबेरंगी पिसांच्या माशीचा. माशी म्हणावयाचे ते केवळ परंपरेने. सृष्टीत असा कीटक कोठेही नाही.

जॉक स्कॉट ही त्यांतील सर्वांत नामांकित. 1850 च्या सुमारास लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या त्याच नावाच्या सेवकाने ती प्रथम बांधली, असे सांगतात. जुने कारागीर गळ बोटांच्या चिमटीतच धरीत. मेण लावलेल्या रेशमी धाग्याने प्रथम सोनेरी फेझंटच्या तुऱ्याचे पीस शेपटीच्या जागी बांधावयाचे. अंगाचा मागील अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढील काळ्या, आणि दोहोंवर रुपेरी जरीचे वेढे.

खरी कसोटी पंखांची. पिसाचे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. म्हणूनच विस्कटलेले पीस कुरवाळले की पुन्हा सांधते. मोराच्या पंखातील तंतूंशेजारी पिवळे, तांबडे व निळे रंगविलेले हंसाचे तंतू ठेवून कारागीर ते हलकेच चोळतो, आणि निरनिराळ्या पक्ष्यांचे तंतू जणू एकाच पिसाचे होऊन बसतात. इंग्रजीत या क्रियेस ‘लग्न लावणे’ असेच नाव आहे, आणि या लग्नातही पत्रिका पाहावी लागते! पिसाच्या डाव्या बाजूच्या तंतूंचे उजव्या बाजूच्यांशी जमत नाही. पुढे पंख गळावर बांधताना धागा सरळ खाली ओढावा लागतो. किंचित तिरपा गेला की पंख वळतात आणि सारा खटाटोप वाया.

शेवटी दोन्ही बाजूंस एकेक डोळा बसवितात. हा डोळा सह्याद्रीचा! पश्चिम घाटात व दक्षिणेकडील रानांत वावरणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेणासारखी कठीण, फिकट पिवळी चकती असते. तेच हे पीस. या चकत्यांपायी असंख्य नर मारले गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास भारतात संरक्षण मिळाले.

मूळ कृतीत दक्षिण अमेरिकेतील टूकन आदी पक्ष्यांचीही पिसे लागतात, आणि दुर्मिळ पिसांचा हा हव्यास शमलेला नाही. जून 2009 मध्ये इंग्लंडातील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीस गेली. चोर निघाला माशा बांधण्यात निष्णात असा एक तरुण! त्या संग्रहात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः मिळविलेले पक्षीही होते. परत मिळालेल्या अनेक कातड्यांच्या चिठ्ठ्या तोडलेल्या होत्या. पक्षी कोठला, केव्हाचा, ही नोंदच गेली. शास्त्राच्या दृष्टीने ही हानी कातड्यांच्या किमतीहून कितीतरी मोठी.

आता परदेशांत पाळीव पैदाशीच्या रानकोंबड्यांची पिसे मिळतात. टर्की व हंसाची पिसे रंगवून दुर्मिळ पक्ष्यांची उणीव भरून काढता येते. साल्मन अशा माशीलाही लागतो.