पदवीची तयारी आठवीपासून
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाणगाव येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या शिकलेल्या बाईंना बोलावण्याचा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे राहावयास सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. सातवीनंतर काय राहून जाते, ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक?" त्यांचे म्हणणे मला टाळता आले नाही. तेव्हा काही चुकले तर घरची समजून सांभाळून घ्यावे.

माझे माहेर आपल्याच डहाणू तालुक्यात, पण डोंगराच्या अंगाला. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी दोन कोस चालून जावे लागे आणि वाटेत ओढा. १९९३ साली मी सातवी पास झाले. वर्गात दुसरी आले होते. वडील म्हणाले, "पावसाळा जाऊ दे, मग बघू." पावसाळा गेला आणि भाताची कापणी आली. कापणी झाली आणि आजी अंथरुणाला खिळली. मला कोणी 'शिकू नको' असे कधीच म्हटले नाही. 'बघू' म्हणता म्हणता माझी शाळा सुटली ती सुटलीच.

हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. त्या काळी खेडोपाडी जिल्हा परिषदेची शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपायची आणि हायस्कूल आठवीला सुरू व्हायचे. कितीतरी मुली नेमक्या त्या सांध्यावर गळाल्या. पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, २०१० च्या १ एप्रिलपासून तो लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. तरी आठवीचा तो सांधा अजून नाजूकच आहे. आपल्याकडे मिरचीचे रोप वाफ्यातून उपटून शेतात लावतात, तेव्हा पहिले काही दिवस ते मान टाकते. त्या दिवसांत पाणी चुकले तर पुढे कितीही खत घाला, झाड धरत नाही. शाळा बदलून आठवीत गेलेल्या मुलामुलींचे तसेच असते.

आता एक साधा हिशेब मांडू या. आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी ही पाच वर्षे. त्यापुढे पदवीची तीन. म्हणजे आठवीत पाऊल टाकणारी मुलगी आठ वर्षांनी पदवीधर होऊ शकते. आपण मात्र जाग्या होतो दहावीत. तेव्हा शिकवणी लावतो, टीव्ही बंद करतो, देवाला नवस बोलतो. तोपर्यंत आठातली दोन वर्षे निघून गेलेली असतात. ती दोन वर्षे माझ्या हातून कशी निसटली, ते सांगते.

माझी थोरली हुशार. तिला नर्स व्हायचे होते. तिची सातवी-आठवी करोनाच्या काळात, घरातल्या एकाच मोबाइलवर झाली. तो मोबाइलही हे कामावर जाताना घेऊन जात. आठवीत असताना शाळेतून निरोप आला की एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मी यांना सांगितले. हे म्हणाले, "बघू." माझ्या वडिलांचाच शब्द! आणि मीही गप्प राहिले. मुदत निघून गेली.

मग नववी आली. २०२२ च्या हिवाळ्यात जाऊबाईंचे बाळंतपण आमच्याकडे होते आणि त्यातच मिरचीची तोडणी. डिसेंबर ते फेब्रुवारी मिळून मी थोरलीला एकोणतीस दिवस घरी ठेवले. मला वाटले, नववीच तर आहे, दहावीत भरून काढील. नववी कशीबशी पार पडली. दहावीच्या जूनमध्ये ती बीजगणिताचे पुस्तक उघडून रडत बसलेली मी पाहिली. मला त्यातले कळत नव्हते, म्हणून मी तिची नववीची आणि दहावीची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून नुसत्या अनुक्रमणिका वाचल्या. नववीच्या पुस्तकात पाचवा धडा होता 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा त्याच नावाचा. नववीतला तो धडा वर्गात झाला, तेव्हा माझी लेक शेतात मिरची तोडत होती.

मार्च २०२४ मध्ये तिला गणितात चोवीस गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात. एक-दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी. म्हणून अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. निकाल लागल्यावर आम्ही दोघी पंधरा दिवस तोंड लपवून बसलो. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ती गणित सोडवून आली. पण तोवर जवळपासच्या शास्त्र शाखेच्या जागा भरून गेल्या होत्या. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. अकरावी-बारावीत गणित नसले तरी चालते. म्हणजे ज्या गणिताने तिची वाट अडली, ते तिला पुढे लागणारही नव्हते. दहावीचा उंबरठा ओलांडण्यापुरतेच ते हवे होते.

तेव्हापासून मी एक वही घातली आहे. धाकटी आता आठवीत आहे, तिच्यासाठी. त्या वहीत मी काय लिहिले, ते तुम्हांला सांगते. कारण यातल्या एकाही गोष्टीला आईला बीजगणित यावे लागत नाही.

पहिले पान आठवीचे. एनएमएमएस परीक्षेला आठवीतच बसता येते; ती संधी पुन्हा येत नाही. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे मूल असावे, सातवीत पंचावन्न टक्के असावेत (अनुसूचित जाती-जमातींना पन्नास) आणि घरचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. आपण उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्यायचा असतो.

आठवीतच दुसरे काम कागदांचे. शाळेच्या रजिस्टरात मुलीचे नाव, आडनाव, जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते का, ते एकदा डोळ्यांनी पाहून यावे. शाळेत असताना चूक दुरुस्त करणे सोपे. दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आली की हेलपाटे सुरू होतात. जातीचा दाखला आणि पुढची जात पडताळणी यांसाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा रहिवासाचा व जातीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधणे आले. हे काम आठ दिवसांत होत नाही. बारावीच्या ऐन धांदलीत आजोबांची शाळा शोधत फिरण्यापेक्षा आठवीच्या दिवाळीत शोधलेली बरी.

दुसरे पान नववीचे. त्या पानावर मी एकच गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली आहे: घरी ठेवायचे नाही. आजारपणात दिवस बुडालाच, तर त्या दिवशी कोणता धडा झाला ते मैत्रिणीकडून त्याच संध्याकाळी विचारून घ्यायचे. पहिल्या सत्राची गुणपत्रिका मागून घेऊन पाहायची आणि कमी गुण दिसले तर रागवायचे नाही. आईच्या रागाला भिऊन मुले गुणपत्रिका लपवतात आणि दुखणे आत वाढते. ज्यांना चित्रकलेची आवड आहे त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा दहावीआधी द्याव्यात. त्यांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात.

तिसरे पान दहावीचे. सहाही विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. मग टक्केवारी उत्तम पाच विषयांची काढतात. प्रत्येक विषयात वीस गुण शाळेच्या हातचे असतात. तोंडी परीक्षा, प्रयोगवही, गृहपाठ यांतले हे गुण वर्षभराच्या नेटकेपणाने मिळतात, शेवटच्या महिन्यात नाहीत.

चौथ्या पानावर दहावीनंतरच्या वाटा आहेत. अकरावी-बारावी करून पदवी ही एक. आयटीआय ही दुसरी. दोन वर्षांचा ट्रेड झालेल्यांना पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. तीन वर्षांचा डिप्लोमा ही तिसरी; तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तारापूरच्या कारखान्यांत फिटर, इलेक्ट्रिशियनही लागतात आणि रसायनशास्त्राचे पदवीधरही. कोणतीच वाट हलकी नाही. शेजारणीच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावे, हे मात्र बरे नव्हे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत, म्हणून पसंतीची कॉलेजे आधीच घरात बसून ठरवावीत: चिंचणीला बसने जायचे की लोकलने पालघरला, परतीची गाडी किती वाजता. गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावी एस.टी.चा पास मोफत मिळतो. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली आहे. तेव्हा 'मुलीवर एवढा खर्च कोण करणार' हा जुना प्रश्न आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही.

भगिनींनो, वहीत लिहिणे सोपे असते. यंदा तोडणीच्या दिवसांत धाकटीला शेतावर धाडा, असा दिरांचा निरोप आला. तिची परीक्षा तोंडावर होती. मी म्हटले, "माझे दोन दिवस जास्त घ्या, ती येणार नाही." हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी यांच्यापुढे थोरलीची गणिताची गुणपत्रिका आणि धाकटीच्या परीक्षेचा अर्ज असे दोन्ही कागद ठेवले. यांनी बराच वेळ ते पाहिले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठून उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद स्वतः पिशवीत भरले. धाकटीची निवड होईल की नाही, ते देव जाणे. पण बसायचे राहिले, असे यंदा झाले नाही.

आणि थोरली? तिचीही वाट संपलेली नाही. जी.एन.एम. नर्सिंगचा डिप्लोमा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना करता येतो. त्यापुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केले की पदवीही हाती येते. वळसा मोठा आहे, पण वाट आहे. तो वळसा तिला माझ्यामुळे पडला, हे मी तिला तोंडाने सांगितले. आईने मुलीची चूक सांगावी ही रीत. पण कधी कधी आपली चूक मुलीला सांगितल्याने घरातले वारे बदलते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी जन्मभर काम केले. ताराबाई मोडक यांच्याबरोबर १९४५ साली त्या बोर्डीला आल्या आणि १९५७ पासून कोसबादला राहिल्या. लहानपणी लग्न होऊन अवघ्या काही महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर बी.ए. झाल्या. त्यांचे नाव घेताना मला माझ्या सातवीची लाज वाटत नाही, धीर येतो. आता दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. चौदा वर्षे पूर्ण आणि निदान पाचवी पास एवढेच त्याला लागते. माहेरच्या शाळेतून मी माझा सातवीचा दाखला काढून आणला आहे. पुढच्या खेपेला तो फॉर्म भरायचा, असे मी ठरवले आहे. धाकटी मला बीजगणित शिकवते. परवा विचारत होती, "आई, चल म्हणजे काय?" मी म्हटले, "बदलते ते. एक मिरचीचा भाव आणि दुसरा यांचा राग." ती हसली, पण म्हणाली, "बरोबर आहे."

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या गावात आणि पाड्यांवर यंदा आठवीत गेलेल्या मुलींची नावे एका वहीत लिहावीत. शाळेतल्या बाईंना विचारून अर्जांच्या तारखा मंडळाच्या फळ्यावर मांडाव्यात. एखादी मुलगी आठ दिवस शाळेत दिसली नाही, तर आपल्यापैकी एकीने तिच्या घरी जाऊन यावे. भांडायला नव्हे, चहाला. आणि त्या घरात कोणी 'बघू' म्हणाले, तर तिथेच बसून विचारावे, "कधी बघू? तारीख सांगा."

माझ्या वेळी असे विचारायला कोणी आले नव्हते.