तारा काढल्यानंतरच्या हिरड्या
(मंडळाच्या आरोग्य-व्याख्यानमालेतील भाषण)



नाटकाच्या प्रयोगाआधी दातांचे व्याख्यान ठेवण्यातील कार्यवाहांची युक्ती माझ्या ध्यानात आली आहे. तेव्हा पडदा फार वेळ अडवून धरीत नाही.

समोरचा एखादा दात जन्मतःच नसेल किंवा जबड्यात अडकून राहिला असेल, तर तारा लावून ती उणीव भरून काढता येते. दात रांगेत आला की आईवडिलांना कार्य सिद्धीस गेल्यासारखे वाटते. परंतु त्या दाताभोवतीच्या हिरडीची चिंता कोणी करीत नाही, आणि दाताचे आयुष्य तर तिच्यावरच अवलंबून असते.

अक्कलदाढ वगळली तर अडकणारा दात बहुधा वरचा सुळा असतो. शंभरांत सुमारे दोघांच्या बाबतीत असे घडते, मुलींमध्ये अधिक. हा दात नाकाच्या बाजूला फार उंचावर तयार होतो आणि अकराव्या-बाराव्या वर्षी खाली उतरतो. एवढ्या लांबच्या प्रवासात तो वाट चुकतो व पुष्कळदा टाळूकडे वळतो; कधीकधी शेजारच्या दाताचे मूळही झिजवतो. म्हणून मूल दहा वर्षांचे झाले की वरच्या ओठाच्या आत बोटाने चाचपून घ्यावे. सुळ्याचा उंचवटा एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, असे आढळल्यास क्ष-किरण चित्र काढावे. स्वीडनमधील एरिकसन व कुरोल यांनी १९८८ साली दाखवून दिले, की दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा दुधाचा सुळा काढल्यावर टाळूकडे वळलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्के सुळे आपल्या वाटेने खाली आले. तसे झाले तर शस्त्रक्रियाही टळते.

ती टळली नाही, तर हिरडी कशी कापली जाते याला महत्त्व येते. दाताच्या मानेला बिलगलेली हिरडी फिकट गुलाबी व चिवट असते. तिच्या वरचे अस्तर लालसर, सैल. दात चिवट पट्ट्यातूनच बाहेर आला पाहिजे. ओठाच्या बाजूला उंच अडकलेल्या दातावरचे सैल अस्तर नुसते कापून टाकले, तर दात लवकर दिसतो खरा. पण पुढे हिरडी मागे सरते आणि तो लांबट, उघडा पडतो. त्याऐवजी दाताला बारीक साखळी जोडून हिरडी पुन्हा शिवून टाकतात व दात तिच्याखालून हळूहळू ओढतात. वर्मेट, कोकिच व केनेडी यांनी १९९५ साली केलेल्या तुलनेत हिरडीची ठेवण या पद्धतीत अधिक चांगली राहिलेली दिसली. तज्ज्ञाला हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

पटाशीशेजारचा दात मुळातच नसेल, तर दोन मार्ग असतात: सुळा पुढे सरकवून जागा मिटवणे, किंवा जागा राखून कृत्रिम दात बसवणे. नॉर्डक्विस्ट व मॅकनील यांच्या १९७५ च्या आणि रॉबर्टसन व मोलिन यांच्या २००० च्या पाहणीत जागा मिटवलेल्यांच्या हिरड्या अधिक निरोगी आढळल्या. कृत्रिम दाताभोवती कीटण साचते. तरी प्रत्येक जबड्याला हा मार्ग मानवत नाही. इम्प्लांट बसवायचे तर वाढ संपेपर्यंत थांबावे लागते. शेजारचे दात जबड्याबरोबर खाली उतरत राहतात, इम्प्लांट जागचे हलत नाही, आणि हिरडीची रेषा वाकडी होते. “लग्न ठरले आहे, सहा महिन्यांत उरका,” असे सांगणारे पालक अनेक भेटतात. जास्त जोर लावून दात ओढले तर मुळे झिजण्याचा धोका वाढतो, हे त्यांना मांडवाच्या धांदलीत ऐकू येत नाही.

तारा काढल्यावर दातांच्या मागे बारीक तार चिकटवतात. ती दात जागेवर ठेवते, पण तिच्याखाली कीटणही धरते. दातांच्या फटींत जाणारा छोटा ब्रश रोज फिरवावा. रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये, कारण न घासल्यानेच ते बहुधा येत असते. घरातील आजीबाईंनी नातीला मिश्री सुचवू नये, ही विनंती. तो भाजलेला तंबाखूच आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या बदलीच्या. उपचार दोन-दोन वर्षे चालतो आणि मध्येच गाव सुटते. निघताना दातांचे साचे, क्ष-किरण चित्रे आणि कोणत्या दातावर कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया झाली याची लेखी नोंद मागून घ्यावी. नव्या गावच्या दंतवैद्याने पहिल्याच भेटीत त्या दाताभोवतीच्या हिरडीची खोली मोजून लिहून ठेवली, तर वर्षभराने तुलना करता येते.