शब्दांचें कुळ

पाव या शब्दाविषयीं घरोघरीं एक गोष्ट सांगतात. पीठ पायांनीं तुडवून केलेला, म्हणून तो पाव! गोष्ट रंजक आहे. जुन्या सोवळ्या घरांतून मुलांना पावापासून दूर ठेवण्यास ती उपयोगीही पडली असेल. पण ती खरी नाहीं. पोर्तुगीज भाषेंत या पदार्थाला जो सानुनासिक शब्द आहे तोच मराठींत आला, आणि त्याचें मूळ लॅटिन 'पानिस' या शब्दांत आहे. 'पगार' आणि 'चावी' हे त्याचेच सोबती. गोव्यांत, आणि १७३९ पर्यंत वसईंत, पोर्तुगीजांचा अंमल होता हें ध्यानीं घेतलें म्हणजे या पाहुण्यांचें नवल वाटत नाहीं.

नुसत्या कर्णसाम्यावरून शब्दांचीं नातीं जुळविणें सोपें. तीं पारखणें हें भाषाशास्त्राचें काम. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' हे सगोत्र आहेत. मग ग्रीक 'थेऑस' याचाही अर्थ देव, तोही त्याच कुळांतला असला पाहिजे, असें सहज वाटतें. परंतु संस्कृत 'द'च्या जागीं ग्रीकांतही 'द'च येतो. 'दश' आणि 'देका' पाहावे. 'थ' येथें बसत नाहीं, म्हणून 'थेऑस' परका ठरतो. सारखेपणा फसवितो, नियमानें पडणारा फरक फसवीत नाहीं.

मराठीचेंच पाहा. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. प्राकृतांत जोडाक्षराचें द्वित्त झालें, मराठींत तें एकेरी होऊन मागचा स्वर लांबला. पंजाबी मात्र अजून 'सत्त', 'कम्म', 'अज्ज' असेंच बोलते! पंजाबी शेजाऱ्याचें बोलणें ज्यास गांवढळ वाटतें, त्यानें हें जरूर आठवावें.

सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, आणि तें कदाचित् आतां नष्ट झालें असावें, असें प्रतिपादन केलें. संस्कृत ही या भाषांची आई नव्हे, बहीण होय. अभिमानी मंडळींना हें आजही रुचत नाहीं. परंतु डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७७ सालच्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून प्राकृत व देशी भाषांपर्यंतचा प्रवास दाखविला, त्यानें संस्कृताचा मान रेसभरही उणा झाला नाहीं.

या शास्त्राचें क्षेत्र व्युत्पत्तीपाशीं संपत नाहीं. जुना ग्रंथ नीट वाचणें हेंही त्यांतच येतें. ज्ञानेश्वरींत 'नावेक' शब्द आढळला तर आजचा वाचक होडी शोधूं लागेल. त्याचा अर्थ आहे क्षणभर. १२९० सालचा हा ग्रंथ तीनशें वर्षांत पाठभेदांनीं इतका बिघडला, कीं १५८४ मध्यें एकनाथांना त्याचें शुद्धीकरण करावें लागलें. नकल करणारा अपरिचित शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द नकळत लिहून जातो. म्हणून दोन पोथ्यांत एके ठिकाणीं सोपा व दुसरे ठिकाणीं अवघड पाठ असल्यास संशोधक बहुधा अवघडाकडे झुकतो. मात्र तो निव्वळ हस्तदोष नाहीं ना, हें त्या काळच्या इतर ग्रंथांशीं ताडून पाहावें लागतें. आणि त्या कामीं 'लीळाचरित्रा'सारखें महानुभावीय गद्य फार उपयोगी पडतें.