भिंतीचं माप आणि माणसाचं माप

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोला, असं सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं आहे. माझ्या खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी हा छंद गेली बारा-तेरा वर्षं छतातून ऐकलेलाच आहे. त्यांची आधी जाहीर माफी मागतो आणि मग विषयाकडे वळतो.

मी काही सुतार नव्हे. 36 वर्षं बँकेत काढली. हातात पेन सोडून दुसरं हत्यार कधी धरलं नव्हतं. मग हे प्लायवूडचं वेड कुठून लागलं? आज पहिल्यांदाच खरं कारण सांगतो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा आपला ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा व्हायला 2014 उजाडलं. बोईसर स्टेशनच्या बाहेर आजच्यासारखी गर्दी नव्हती. बहुतेकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतलेले. मीही सुतार लावला आणि त्याला बजावलं, ‘स्वयंपाकघरात एक इंच जागा फुकट घालवू नकोस, पार छतापर्यंत कपाटं कर.’ त्याने भिंतीचं माप घेतलं आणि चोख काम केलं. आमच्या सौ.ची उंची चार फूट दहा इंच. तिचं माप ना त्याने घेतलं, ना मी घ्यायला सांगितलं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, वरच्या कप्प्यातलं मोदकपात्र काढायला ती स्टुलावर चढली. चढण्याआधी तिने मला हाक मारली होती. मी पेपर वाचत होतो. ‘आलोच’ म्हणालो आणि बसून राहिलो. पुढे आवाजच आला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तो हात आजही पूर्ण वळत नाही.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं, की रोजच्या वापराच्या अर्ध्या वस्तू खांद्याच्या वर होत्या आणि सर्वांत जड डबे सर्वांत उंच. बारा वर्षं ती दिवसातून दहा वेळा टाचा वर करत होती. मी तीन-चार सुतारांना फोन केले. एवढ्याशा कामाला यायला कोणाला सवड नव्हती. शेवटी मीच दुकानात गेलो आणि प्लायवूडची एक शीट घेऊन आलो. आठ बाय चारची.

पहिली शीट वाया गेली, हे सांगायला संकोच वाटत नाही. स्वस्त म्हणून एम.आर. ग्रेडची घेतली आणि तिचं कपाट सिंकखाली केलं. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे. एकाचे रेषे उभे, तर पुढच्याचे आडवे, असे डिंकाने चिकटवून दाबलेले. म्हणून ते सहसा फळीसारखं तडकत नाही. पण टिकणं डिंकावर असतं. एम.आर. म्हणजे थोडीफार दमट हवा सोसणारं. जिथे पाणी लागतं तिथे बी.डब्ल्यू.आर. घ्या. मरीन प्लाय त्याहून वरचं, त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साध्यावर आय.एस. 303 आणि मरीनवर आय.एस. 710 हा क्रमांक आयएसआय चिन्हासह छापलेला असतो. चेकवरची सही बघतो तसा तो शिक्का बघूनच पैसे द्यावेत. दुकानदार तोंडी ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ म्हणाला, तर ती तोंडी हमी समजावी.

दुसरी चूक हिशोबाची, आणि ती बँकवाल्याची! कोनाडा तीन फुटांचा. मी आतल्या फळ्या बरोबर तीन फुटांच्या कापल्या. दोन्ही बाजूंच्या 18 मिलिमीटरच्या फळ्या धरायला विसरलो. कपाट 36 मिलिमीटरने मोठं झालं आणि कोनाड्यात शिरेना. ही हसत हसत म्हणाली, ‘टॅली नाही झालं वाटतं?’ शिवाय करवतही दर कापाला तीनेक मिलिमीटर आपलं कमिशन घेते. तेव्हापासून शीट आणण्याआधी तिचं चित्र चौकटीच्या कागदावर काढतो, कुठला तुकडा कुठून निघेल ते ठरवतो आणि मोठे काप दुकानातल्या मशीनवरच करून घेतो. घरात धूळही कमी होते आणि शेजाऱ्यांची दुपारही वाचते.

फळी वाकण्याचंही एक गणित आहे. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. उलट, लांबी वाढवली की बाक भराभर वाढतो. म्हणून पुस्तकांची किंवा डब्यांची 18 मिलिमीटरची फळी मी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवत नाही. लागली तर मध्ये उभी फळी देतो. वरच्या थराचे रेषेही लांबीच्या दिशेनेच ठेवतो. स्क्रू पिळण्याआधी बारीक ड्रिलने भोक पाडतो, नाहीतर कडेचे थर फाटतात.

आपल्याकडच्या दोन गोष्टी खास लक्षात ठेवा. एक, ओल. समुद्र जवळ आणि पाऊस मुसळधार. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागे बोटभर जागा सोडा आणि खाली दोन-तीन इंचांचे पाय द्या. दुसरी, भूकंपाचे धक्के. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडी परिसरात, जमीन किती वेळा हलली हे आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे एका रात्री मांडणीतली भांडी वाजली. दुसऱ्या दिवशी मी घरातली सगळी उंच कपाटं पट्ट्या लावून भिंतीला जखडली. मात्र कॉलमला आणि बीमला कोणी हात लावू नका. ते आपल्या एकट्याचे नाहीत, सगळ्या बिल्डिंगचे आहेत.

आता मूळ मुद्दा. प्लास्टर निघाल्यावर मी हिला स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी उभं केलं. हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, ‘टाचा न उचलता जिथवर हात पोचतो तिथे रेघ मार.’ मग खांद्याची, कंबरेची आणि गुडघ्याची रेघ मी मारली. त्या चार रेघांवरून मांडणी केली. जड आणि रोजचं सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. हलकं सामान त्याच्या वर. सर्वांत वरच्या रेघेच्या पलीकडे वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू, आणि त्या काढायच्या मी. मोदकपात्र आता कंबरेच्या उंचीला आहे.

लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून एक टेबल केलं. आधी त्या मुलाला खुर्चीत बसवून कोपरापर्यंतची उंची मोजली. तो उंच झाला तसं टेबल दुसऱ्या घरी गेलं, मग तिसऱ्या. सध्या ते बी विंगमध्ये आहे असं ऐकतो.

मित्रहो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे पन्नाशीच्या आत-बाहेर होतो. घरं सजवली ती त्या वयाच्या अंगाने. आता कोणाचे गुडघे गेले आहेत, कोणाला वाकता येत नाही. तरी कपाटं तिथेच आहेत आणि स्टुलंही तिथेच आहेत. आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला भिंतीशी उभं करून त्याच्या हाती पेन्सिल द्या. त्या रेघेच्या वर रोजची जी वस्तू असेल ती आज रात्रीच खाली उतरवा. त्याला प्लायवूड लागत नाही की सुतार लागत नाही.

कोणाला कपाटच करायचं असेल, तर माझं ड्रिल, गुण्या आणि जिगसॉ आपल्या सर्वांचीच आहेत. रविवारी सकाळी दहानंतर या. दुपारी एक ते चार मात्र मशीन बंद, हा कार्यकारिणीचा नियम आहे आणि आमच्या घरचाही.

गेल्या वर्षी घराला रंग काढला. भिंतीवरच्या त्या चार रेघा मी रंगाऱ्याला बुजवू दिल्या नाहीत. ही समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. हाकेला ‘आलोच’ म्हणून बसून राहिलो, त्याची माफी मी घरात कधी नीट मागितली नव्हती. आज तुमच्या सर्वांसमोर मागतो.