2035 नंतरही हिमालयात बर्फ असेल



सुरुवातीलाच एक भाकीत करतो. 2036 साल उजाडेल तेव्हा हिमालयात हिमनद्या असतील. गंगोत्री असेल, सियाचिन असेल. आणि तेव्हा तुमच्या-माझ्या फोनवर एक मेसेज फिरेल : 'शास्त्रज्ञ म्हणाले होते 2035 पर्यंत सगळं वितळणार. काय झालं? हवामान बदल ही निव्वळ थाप आहे.' त्या मेसेजला काय उत्तर द्यायचं, ते आजच ठरवून ठेवू या.

हे 2035 आलं कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानविषयक समितीने 2007 साली मोठा अहवाल काढला. त्यात आशियावरच्या प्रकरणात म्हटलं होतं की, हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. या विधानामागे कुठलीही मोजणी नव्हती. ते एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून उचललेलं होतं आणि त्या संस्थेने ते एका विज्ञान साप्ताहिकातल्या 1999 सालच्या बातमीवरून घेतलं होतं. मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर असते. एवढा बर्फ पंचवीस-तीस वर्षांत संपणं शक्यच नाही. जानेवारी 2010 मध्ये आयपीसीसीने चूक जाहीरपणे मान्य केली.

मी तेव्हा नोकरीत होतो. मेसमध्ये आम्ही त्या बातमीवर पोटभर हसलो. मी म्हणालो, "मी ग्लेशियरवर तीन महिने काढलेत. बर्फ संपत आला म्हणणाऱ्याने एकदा फावडं घेऊन चौकीवर यावं." पुढे कितीतरी वर्षं हा विषय निघाला की मी 2035 चा दाखला द्यायचो आणि चर्चा तिथेच संपवायचो.

त्यात माझ्या दोन चुका होत्या. माझ्या हाताखालच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याने त्या केल्या असत्या, तर मी त्याला चांगलं झापलं असतं.

पहिली चूक. गस्तीची एक खबर खोटी निघाली म्हणून समोर शत्रूच नाही, असं कुणी मानत नाही. ती खबर बाजूला काढतात आणि बाकीच्या पुन्हा तपासतात. मी ती एक खबर धरून बसलो आणि बाकीच्या वाचल्याच नाहीत. शिवाय ही चूक पकडली कुणी? हिमनद्या मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. तारीख चुकीची आहे, हे ठामपणे सांगणारे हेच लोक बर्फ घटतो आहे, हेही सांगत होते. मी त्यांचं अर्धंच ऐकलं.

दुसरी चूक. माझ्या चौकीवरून जेवढं दिसलं, तोच मी सगळा हिमालय धरला. सियाचिन काराकोरम रांगेत आहे. गेल्या काही दशकांत तिथल्या बऱ्याच हिमनद्या जवळपास स्थिर राहिल्या, काही तर थोड्या जाड झाल्या. म्हणजे माझे डोळे खोटं बोलत नव्हते. पण हा अपवादही शास्त्रज्ञांनीच शोधला, त्याला नाव दिलं आणि छापला. ताज्या मोजण्यांत तिथेही बर्फ घटू लागल्याची चिन्हं आहेत.

माझं मत बदललं ते हेरगिरीच्या छायाचित्रांनी. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे 'हेक्सागॉन' नावाचे हेरगिरी उपग्रह डोक्यावरून फिरत. त्यांची फिल्म डब्यात भरून पॅराशूटने खाली सोडत आणि विमान तो डबा हवेतच झेलायचं. त्या छायाचित्रांत हिमालयही होता. पुढे ती खुली झाली. संशोधकांनी त्यांवरून 1970 च्या दशकातली हिमनद्यांची उंची काढली आणि नंतरच्या उपग्रहांच्या मोजणीशी ताडून पाहिली. सुमारे 2000 किलोमीटरच्या पट्ट्यात 650 हिमनद्या. 2019 साली निष्कर्ष आला : 1975 ते 2000 या काळात हिमनद्यांची जाडी वर्षाला सरासरी पाव मीटर घटत होती. 2000 ते 2016 मध्ये हा वेग दुप्पट, म्हणजे अर्धा मीटर झाला. ज्यांनी ती छायाचित्रं घेतली, त्यांच्या मनात हवामान बदल नव्हताच. असा साक्षीदार मला पटतो.

कुणी म्हणेल, तापमान वाढतंय हे मान्य, पण ते माणसामुळेच कशावरून? प्रश्न रास्त आहे. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 होता, आता 420 च्या वर गेला आहे. कोळसा आणि तेल जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून असल्यामुळे त्यांच्यात कार्बन-14 उरलेला नसतो. म्हणून हवेत वाढलेला कार्बन कुठून आला, याचा माग काढता येतो. दुसरी खूण अशी : सूर्य तापल्यामुळे हे घडत असतं, तर वातावरणाचा खालचा आणि वरचा, दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतो आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. अंगावर दुलई घेतली की आतली ऊब आतच राहते, तसंच हे.

आता वितळण्याची किंमत. उत्तर सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक नावाचं तळं आहे. हिमनदी मागे सरकत गेली तसं ते वाढत गेलं. ते फुटू शकतं, असा इशारा शास्त्रज्ञांनी आधीच दिला होता. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला एका रात्री काठाचा मोठा भाग तळ्यात कोसळला, पाणी उसळलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. तीस्ता नदीच्या त्या लोंढ्यात लष्कराचे जवानही बेपत्ता झाले. ती बातमी ऐकली त्या दिवशी मला मेसमधलं माझं हसणं आठवलं.

शंका जरूर घ्या. फौजेत आम्हाला तेच शिकवतात. पण शंका घेतली की पुढचं काम असतं तपासायचं. मी शंका घेतली आणि तिथेच थांबलो. माझी बारा-तेरा वर्षं त्यात गेली.

तर 2036 सालच्या त्या मेसेजला माझं उत्तर असं असेल : 'ती तारीख चुकीची होती आणि ते शास्त्रज्ञांनीच 2010 साली सांगितलं. आजचा अंदाज वेगळा आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल. उत्सर्जन असंच चालू राहिलं, तर दोन तृतीयांश. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगा. डोंगरात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या पोरांना तर आधी सांगा.'

हे उत्तर आत्ताच लिहून ठेवा. तोवर मी असेन-नसेन.

जय हिंद.